अम्मीला किल्ला बघायला ३२ वर्षं का लागली?

माझ्या अम्मीने वसईचा किल्ला पहिल्यांदा पाहिला तो यंदाच्या जानेवारीत, वयाच्या ६३व्या वर्षी. आता यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण आम्ही नालासोपाऱ्यात राहतो. १९९२-९३च्या दंगलीनंतर अब्बांनी जोगेश्वरीची खोली विकली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमच्या घरापासून किल्ला म्हणजे लोकलने एक स्टेशन आणि पुढे थोडा रस्ता. मी तो शाळेच्या सहलीत पाहिला, इंजिनीअरिंगला असताना दहा वेळा पाहिला, नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या मित्रांना नेऊन दाखवला. धाकट्या भावानेही पाहिला. अम्मीने ३२ वर्षं पाहिला नाही, आणि मला त्या ३२ वर्षांत ते एकदाही खटकलं नाही.

त्या न खटकण्याबद्दल लिहायचं आहे. माझ्या, आणि तुमच्याही.

मुंबईला मोकळा श्वास घ्यावासा वाटला की ती रविवारी सकाळी विरार लोकल पकडून आमच्याकडे येते. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. सेकंड क्लासचं तिकीट वीस रुपयांच्या आत. सुरूची बाग, राजोडी, कळंब, अर्नाळा हे किनारे, तुंगारेश्वरचं जंगल, जीवदानीचा डोंगर. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून खाडी ओलांडून वसईला रो-रो बोटही येते. एका दिवसात जाऊन येण्यासारखं इतकं सगळं या शहराला इतक्या स्वस्तात क्वचितच कुठे मिळत असेल.

या गर्दीत आपण कुठे असतो? आपली पोरं असतात. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, मीरा रोडवरून बाइकवर तिघं-तिघं बसून येतात. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर माणसं बुडतात म्हणून दरवर्षी तिथे बंदी लागते, तरी मागच्या पायवाटेने वर चढतात. घरी सांगितलेलं असतं, ‘दोस्ताकडे जातो.’ एखाद्या घरी तो चिंचोटीला गेला होता हे कळतं ते थेट पोलिसांच्या फोनवरून. मय्यतीला जमलेली मोठी माणसं हळहळतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा म्हणतात, ‘पोरं आहेत, फिरणारच.’

पोरं फिरणारच. आणि पोरी? त्यांच्या आया?

माझ्या घरातल्या बायका ३२ वर्षांत कुठे कुठे गेल्या याची यादी मी एका संध्याकाळी अम्मीजवळ बसून केली. लग्नं, बारसं, मय्यत, दवाखाना. मे महिन्यात खेडला गाव. आणि वर्षातून एकदा-दोनदा दर्गा. त्यातही हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ देणं २०१२ च्या सुमारास बंद झालं होतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण उच्च न्यायालयात गेल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला, तेव्हा ती वाट पुन्हा मोकळी झाली. म्हणजे बायकांना जी एक सहल आपण बिनतक्रार देत होतो, तीसुद्धा त्यांना कोर्टात जाऊन परत मिळवावी लागली. यादीत बाकी जे काही होतं, त्यात अम्मी कुणाच्या तरी कामासाठी गेली होती. फक्त स्वतःला जावंसं वाटलं म्हणून ती एकदाही गेलेली नव्हती.

हे बोललं की तीन उत्तरं येतात. तिन्ही मी घरातच ऐकली आहेत.

पहिलं उत्तर दीनचं. ‘समुद्रावर बेपर्दगी असते. आणि महरमशिवाय बाईने प्रवास करू नये.’ मी आलिम नाही, पण वाचता येतं. महरमच्या ज्या हदीस सांगितल्या जातात त्यांत एक दिवसाच्या, दोन दिवसांच्या, तीन दिवसांच्या प्रवासाची गोष्ट आहे. नालासोपारा ते वसई रोड चालत्या लोकलमध्ये पाच-सात मिनिटं लागतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात हजरत आयेशांशी धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण मदरशात कौतुकाने ऐकतो. मग त्याच आयेशांच्या लेकींनी राजोडीच्या वाळूवर अनवाणी चालायचं म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या का पडतात? कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितलंय की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा. आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहायला पडक्या किल्ल्याहून चांगली जागा कोणती? तो हुकूम घरातल्या निम्म्या माणसांनी पाळायचा आणि उरलेल्यांनी खिमा करून डबा भरून द्यायचा, असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा.

दुसरं उत्तर भीतीचं आहे. त्यावर मी हसणार नाही, कारण ती भीती मलाही वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात काही मुस्लिम बायका नमाज पढत असल्याचा व्हिडिओ फिरला. मग तिथे गोमूत्र शिंपडून ‘शुद्धीकरण’ झालं आणि त्या बायकांवर गुन्हा दाखल झाला. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री एकच सल्ला फिरत होता: ‘बायकांना किल्ल्या-बिल्ल्यांवर नेऊ नका, वातावरण खराब आहे.’

संरक्षित स्मारकात नव्याने पूजाअर्चा, प्रार्थना सुरू करता येत नाही, असा पुरातत्त्व खात्याचा नियम आहे. तो सगळ्यांना सारखा लागत असेल तर मला मान्य आहे, आणि आपणही तो पाळावा. पण गोमूत्र काही नियम मोडला म्हणून शिंपडत नाहीत. माणूस बाटवणारा आहे असं ठरवल्यावर ते शिंपडतात. ज्यांनी ते केलं त्यांना हवं तरी काय होतं? मुस्लिम बाई सार्वजनिक जागेत दिसू नये. आणि आपण काय केलं? तिला घरी बसवलं. त्यांनी मागितलं त्याहून जास्त देऊन टाकलं, तेही न मागता.

त्या व्हिडिओबद्दल एक प्रश्न आपल्यात कुणी विचारला नाही, म्हणून मी विचारतो. दिवसभर बाहेर पडलेल्या बाईला नमाजाची वेळ झाली तर तिने जायचं कुठे? पुरुष जवळची मशीद शोधतो, वजू करतो, दोन मिनिटं पंख्याखाली बसतो, संडासला जाऊन येतो. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलंय की बाईला मशिदीत नमाजाला यायला इस्लाममध्ये मनाई नाही. तरी आपल्या किती मशिदींत बायकांसाठी जागा आहे? जी कौम आपल्या बायकांना मशिदीच्या दारातून आत घेत नाही, तिने शनिवारवाड्याच्या हिरवळीवर बसलेल्या बायकांकडे बोट दाखवू नये.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त टोचतं. ‘ते आपलं नाही, तिथे काय बघायचं?’ गंमत म्हणजे हेच वाक्य आपल्याला बाहेर काढू पाहणारेही म्हणतात, फक्त ‘तुमचं’ म्हणतात. उमराह आणि तुर्की एका पॅकेजात करायला आपण लाखभर रुपये भरतो, इस्तंबूलच्या मशिदींसमोर फोटो काढतो, आणि सोपारा आपल्याला परका वाटतो.

वसईचा किल्ला कुणाचा? पोर्तुगीजांच्या आधी इथे गुजरातच्या सुलतानाची सत्ता होती. बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी आज दिसते ती तटबंदी आणि चर्चं उभी केली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला. पुढे इंग्रज आले. आत नागेश्वराचं मंदिर आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले; त्यांच्या नावाचं चर्चही आत आहे. अलीकडे कोल्डप्लेच्या गाण्याचं शूटिंगही इथलंच. बहादूरशहाचं नाव घेऊन सातबाऱ्यावर हक्क सांगायला जा, असं मी म्हणत नाही. त्याने तर सही करून देऊन टाकला होता. आज हा किल्ला भारताच्या नागरिकांचा आहे, आणि अम्मीचं मतदार ओळखपत्र वसई तालुक्यातलं आहे. एवढा पुरावा पुरे.

आता सोपाऱ्याचं. सोपारा हे जुनं शूर्पारक बंदर. अरब भूगोलकार त्याला सुबारा म्हणत. कोकणी मुसलमानांचे पूर्वज ज्या समुद्री व्यापारातून या किनाऱ्यावर आले, त्यातलं हे एक नाव. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला. त्यात बुद्धाच्या आठ ब्राँझच्या मूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ त्यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

तो तुकडा आहे आठव्या शिलालेखाचा, आणि त्याचा विषय आहे सहल. अशोक त्यात सांगतो की आधीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि मौजमजा करत. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधीवृक्षाच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. त्यात ब्राह्मण आणि श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांची विचारपूस करायची, खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे आपल्या सोपाऱ्यात दगडावर कोरून लावलं होतं. आणि आपण सोपाऱ्यात राहून विहारयात्रेवरच अडकलोय, तीही फक्त पुरुषांची.

खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटायचं म्हणजे काय? स्टेशनच्या पश्चिमेला गास, भुईगाव, निर्मळ ही गावं आहेत. तिथले सामवेदी ख्रिस्ती घरात मराठीचीच एक बोली बोलतात, केळी आणि पानवेली लावतात. इथल्या हरित वसईच्या लढ्यात पुढे असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका अल्पसंख्य समाजाने मातीला आणि भाषेला धरून इथे आपली जागा कशी केली, हे शिकायला आपल्याला इस्तंबूल नको, रिक्षाची एक शेअर सीट पुरे. ३२ वर्षं शेजारी राहून माझ्या घरातल्या एकाही बाईचं त्या गावांतल्या एकाही बाईशी बोलणं झालेलं नव्हतं.

तर जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. अम्मी, खाला, आपा, तिच्या दोन मुली आणि मी. आदल्या रात्री अम्मीने दोनच प्रश्न विचारले. तिथे संडास आहे का? आणि कोणी काही बोलणार तर नाही? पहिल्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. इतक्या वेळा जाऊन मला ते कधी बघावंच लागलं नव्हतं.

कोणी काही बोललं नाही. दोन-चार नजरा वळल्या, पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. अम्मी बुरख्यातच तटावर चढली, गुडघे धरत. खाडीवरून वारा आला तेव्हा ती बराच वेळ उभी राहिली. मग आम्ही पाचूबंदरला गेलो. तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते. एका कोळीणमावशीशी अम्मीचा भाव करण्यावरून वाद झाला, त्यातून खेडच्या सुक्या मासळीवर गप्पा झाल्या, आणि दोघी अर्धा तास खाली बसून बोलत राहिल्या. अम्मीला असं अनोळखी बाईशी हसून बोलताना मी आजवर पाहिलं नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये ती म्हणाली, ‘एवढं जवळ होतं?’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दोस्तांनो, पुढच्या रविवारी बाइक काढण्याआधी घरात विचारा, ‘तुम्हाला कुठे जायचंय?’ ‘तुला कशाला’ हे वाक्य घरात कोणी उच्चारलं तर तिथेच थांबवा. डबा तुम्ही भरा, किंवा बाहेर वडापाव खा. अर्नाळ्याला जा, होडीने बेटावरच्या किल्ल्यात जा. तिथे त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि पिराची मजार दोन्ही आहेत. चिंचोटीला पावसाळ्यात जाऊ नका. आणि मोहल्ल्याच्या मशिदीत जुम्म्यानंतर ट्रस्टींना दोन मागण्या लेखी द्या: बायकांसाठी वजू, संडास आणि नमाजाची जागा, आणि इज्तिमाला जशा बस ठरवता, तशी वर्षातून एक बस घरातल्या बायका सांगतील तिथे.

आमच्या घरात आता यादी अम्मी करते. पुढचं नाव सोपाऱ्याच्या स्तूपाचं आहे. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं.