पासकी लावताय? आधी पत्ता पक्का करा

पासवर्ड लक्षात ठेवायला नको, ओटीपीच्या मेसेजचा खर्च नको, ग्राहकानं बोट लावलं की लॉगिन. पासकी जरूर लावा. पण माझं स्पष्ट मत आहे, त्याआधी वेबसाइटचा पत्ता पक्का करायचा, आणि तो मालकानं ठरवायचा, डेव्हलपरवर सोडायचा नाही.

कारण पासकी डोमेनला बांधलेली असते. समजा आज डेव्हलपरनं दिलेल्या फुकटच्या पत्त्यावर दुकान थाटलं, ५०० ग्राहकांनी पासकी बनवली, आणि दिवाळीला तुम्ही स्वतःचं डोमेन घेतलं. त्या पासकी नव्या पत्त्यावर आपोआप चालत नाहीत. बसा मग एकेकाला पुन्हा नोंदणी करायला सांगत! म्हणून डोमेन आधी स्वतःच्या नावावर घ्या. आणि पासकी मूळ डोमेनवर बांधा, पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता. तशी बांधली तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरही चालते, उलटं होत नाही.

आता जरा तांत्रिक, पण ऐका. लॉगिनच्या वेळी ब्राउझर सर्व्हरला ‘ओरिजिन’ कळवतो, म्हणजे पुढचं एचटीटीपीएस, मग डोमेन, आणि पोर्ट नेहमीचा ४४३ नसेल तर तोही. सर्व्हर हे आपल्या सेटिंगशी ताडून बघतो. सेटिंगमध्ये नुसतं डोमेन लिहिलं, एचटीटीपीएस राहिलं, की जुळत नाही. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी गाडी अडू शकते.

काहींचं म्हणणं, राहिलेला भाग सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरावा. मला नाही पटत. भरायचाच तर एचटीटीपीएसच भरावा, पण त्यापेक्षा थांबून चूक दाखवलेली बरी. साध्या एचटीटीपीवर पासकी चालते ती फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे डेव्हलपरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. तो म्हणणार, “सर, माझ्याकडे चालतंय.” ग्राहकाकडे नाही ना चालत!

एवढा काटेकोरपणा कशाला? एक अक्षर बदलून कुणी तुमच्या दुकानाची नकली साइट काढली, तर घाईत ग्राहक तिथे ओटीपी टाकून मोकळा होतो. पासकी मात्र तिथे चालतच नाही.

तेव्हा डेव्हलपरकडून सेटिंगचा स्क्रीनशॉट मागवा. पत्ता एचटीटीपीएससकट पूर्ण आहे का बघा. ॲन्ड्रॉइड ॲप काढणार असाल तर त्याचा ओरिजिन वेगळा असतो, ॲपच्या डिजिटल सहीवरून बनलेला. तोही त्याच यादीत टाकायला सांगा.