लॅपटॉपवर पास, उसाच्या सरीत नापास

बारामतीच्या उसात क्लाउड शिरला, त्याला आता काही वर्षे झाली. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उभ्या केलेल्या प्रकल्पात उपग्रहाची चित्रे, हवामान आणि जमिनीतल्या सेन्सरच्या नोंदी अझ्युर या क्लाउडवर एकत्र होतात आणि पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचे जाहीर कौतुक केले. आता अशी अॅप करणाऱ्यांसमोरचा खरा प्रश्न वेगळाच आहे: ज्यांचा डेटाबेस आणि साठवण दोन्ही दुसऱ्याच्या घरी आहेत, त्या अॅपची चाचणी घ्यायची कशी?

पहिला आक्षेप ठरलेला असतो. "डेटाबेस अॅमेझॉनचा, साठवण मायक्रोसॉफ्टची. तपासायचे ते त्यांनी तपासले आहे. आपण कशाला डोके लावायचे?" पण 28 फेब्रुवारी 2017 रोजी अॅमेझॉनच्याच माणसाने एक आज्ञा चुकीची दिली आणि एस-थ्री ही साठवण सेवा अमेरिकेच्या एका विभागात काही तास कोलमडली. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच विभागात अॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ताच सापडेनासा झाला आणि जगभरची अॅप आडवी झाली. कंपनी हमी देते ती स्वतःच्या सेवेची, आणि तीही टक्केवारीत. सेवेने नकार दिल्यावर तुमचे अॅप काय करते, याची जबाबदारी ती घेत नाही.

दुसरा पक्ष जास्त हुशार आहे. तो म्हणतो, इम्युलेटर, म्हणजे सेवेच्या लॅपटॉपवरच्या नकला, आहेत की! अझ्युरच्या साठवणीची नक्कल करणारे अझ्युराइट लॅपटॉपवर चालते, डायनॅमोडीबीचीही लोकल आवृत्ती मिळते. ना बिल, ना नेटची कटकट. यातला फायदा मान्यच आहे. पण ही लोकल आवृत्ती ठरवून दिलेली वाचन-लेखनाची मर्यादा पाळतच नाही. खऱ्या सेवेत 25 नोंदींचा गठ्ठा पाठवला आणि गर्दीमुळे त्यातल्या काही लिहिल्या गेल्या नाहीत, तरी उत्तर 'यशस्वी' असेच येते. न लिहिलेल्या नोंदींची यादी मात्र त्याच उत्तरात वेगळी जोडलेली असते. ती यादी वाचून उरलेल्या नोंदी पुन्हा पाठवणे हे अॅपचे काम. लॅपटॉपवर अशी गर्दी होत नाही, म्हणून यादी रिकामीच येते. ती न वाचणारे अॅपसुद्धा तिथे पास होते आणि शेतकऱ्याच्या नोंदी गुपचूप गळतात.

मग तिसरा पक्ष दुसऱ्या टोकाला जातो: सगळे खऱ्या क्लाउडवरच तपासा. यात बिल वाढते, प्रत्येक छोट्या बदलामागे खोळंबा होतो आणि दोघा प्रोग्रामरांच्या चाचण्या एकमेकांचा डेटा पुसतात, हे तर आहेच. पण मोठी फसगत पुढे आहे. पुण्यातल्या ऑफिसच्या फायबर लाइनवरून खरा क्लाउडही गोडच बोलतो. बिघाड काही मागून मिळत नाही.

आता इंदापूर तालुक्यातला एक आडसाली प्लॉट डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्याने ठिबक चार तास चालवले आणि तशी नोंद अॅपमध्ये केली. नोंद क्लाउडवर पोहोचली, पण पोच परत येण्याआधी रेंज गेली. अॅपला वाटले, गेलीच नाही. त्याने ती पुन्हा पाठवली. हिशेबात आठ तास पाणी झाले आणि सल्ला आला: इतक्यात पाणी देऊ नका. इम्युलेटरवर पोच कधी हरवत नाही, ऑफिसात क्वचितच हरवते. म्हणजे दोन्ही चाचण्या हिरव्या आणि ऊस मात्र तहानलेला.

म्हणून आमचे म्हणणे असे. इम्युलेटर ठेवा, पण आपल्या तर्कातल्या चुका पकडण्यापुरता. प्रत्येक बदलानंतर तो चालवा. रोज रात्री खऱ्या सेवेवर, वेगळ्या खात्यात, खर्चाची मर्यादा लावून मोजक्या चाचण्या घ्या आणि सकाळी तो डेटा पुसा. त्या खात्यात शेतकऱ्यांचे खरे गट नंबर आणि फोन नंबर ओतू नका. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्येच झाला आहे. तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची: बिघाड मुद्दाम घडवा. टॉक्सीप्रॉक्सीसारखे मोफत साधन मध्ये बसवून पोच तोडा, उत्तर तीस सेकंद लांबवा, आणि वेगळ्या बनावट उत्तरातून 'आता गर्दी आहे' असा नकारही द्या.

या चाचण्या लावल्या की अॅपची रचनाच सुधारते. नोंदीचा क्रमांक फोनवरच तयार होतो आणि 'आधी नसेल तरच लिही' अशा अटीवर ती पाठवली जाते. अझ्युरच्या साठवणीत ही अट घालता येते. एस-थ्रीतही ऑगस्ट 2024 पासून येते. रेंज आल्यावर शेकडो फोन एकदम नोंदी पाठवू लागले, तर प्रत्येक फोन वेगवेगळा वेळ थांबून, दर खेपेला थांबा वाढवत प्रयत्न करतो.

कारखान्यावर ऊस नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेणारा शेतकरी कुणावर संशय घेत नसतो. तो स्वतःचा हिशेब स्वतः राखतो. अॅप करणाऱ्यांनीही तेवढे करावे. पोच तोडून पाहिल्याशिवाय पाण्याचा सल्ला देणारे अॅप शेतकऱ्याच्या हाती देऊ नका, आणि अॅप घेणाऱ्या संस्थांनीही करारावर सही करण्याआधी या चाचणीचा निकाल मागून घ्यावा.