शनवार तेल्याचे घर कोठे?

निडीचा रस्ता विचारा, म्हणजे उलट प्रश्न येतो, "कोणती निडी?" एका नावाची दोन गावे! घराण्याचा माग काढणारा पहिल्याच पावलाला फसतो तो असा.

समजा, इस्राएलहून एखादा नातू आला. ठाऊक एवढेच, की पणजोबा कुलाबा जिल्ह्यातले तेली. आता १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झालेला; नकाशात जिल्हाच सापडेना! पण आणखी एक खूण आहे. पणजोबा शनिवारी घाण्याला बैल जुंपीत नसत. मग ते 'शनवार तेली', म्हणजे आपले बेने इस्राएल. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात त्यांची माहिती आहे. १९४८ नंतर त्यांतली पुष्कळ घरे इस्राएलला गेली.

आडनाव गाव सांगते. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, किहीमकर किहीमचे. नाव मात्र चकवते. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी! कागद दोन, माणूस एकच. म्हणून सिनेगॉगची वही, कबरीवरचा दगड आणि जमिनीचा जुना फेरफार शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावे. गावाचे नावही 'तर्फे'सकट वाचावे, म्हणजे दोन निडींचा घोटाळा होणार नाही.

आणि वाचकहो, कचेरीत जाण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठा. घाणा कोणत्या आळीत फिरत होता, हे तोच सांगेल. दप्तर उद्याही उघडेल. म्हाताऱ्याचे काय सांगावे?