त्रैराशिक आणि धूर

गेल्या सहामाहींत इयत्ता सातवीच्या वर्गांत त्रैराशिकाचीं उदाहरणें चाललीं होतीं. फळ्यावरील उदाहरण सोडवून झाल्यावर एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, माझे बाबा पूर्वीं दिवसाला वीस सिगारेटी ओढीत असत. आतां दहाच ओढतात. म्हणजे त्यांच्या अंगांत जाणारें विष निम्मेंच झालें ना?" वर्ग हंसला, तो मुलगा मात्र हंसला नाहीं. "तास संपल्यावर सांगेन," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्याला योग्य उत्तर देण्यापूर्वीं मला बरेंच वाचावें लागलें, आणि वाचून जें हातीं आलें तें त्याच्या एकट्यापुरतें ठेवण्यासारखें नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांपुढें, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांपुढें, तें मांडीत आहें.

जेथें प्रत्येक नग सारखा असतो तेथेंच त्रैराशिक चालतें. दहा पेन्सिलींची किंमत वीस पेन्सिलींच्या निम्मी असते, कारण पेन्सिल कोणाच्या हातांत आहे ह्यावर तिची किंमत ठरत नाहीं. सिगारेटीचें तसें नाहीं. एकाच पाकिटांतील दोन सिगारेटी दोन माणसांनीं ओढल्या तर दोघांच्या फुप्फुसांत सारखाच धूर जाईल असें मुळींच नाहीं. झुरका केवढा घेतला, दोन झुरक्यांमध्यें किती वेळ जाऊं दिला, धूर तोंडांतूनच सोडून दिला कीं छातींत खोल ओढून धरला, थोटूक किती उरवून टाकलें, ह्या सर्वांवर तो हिशेब अवलंबून आहे. आणि हा हिशेब ओढणारा जाणूनबुजून करीत नाहीं. त्याची तलफ त्याच्याकडून तो करवून घेते.

ती तलफ निकोटिनाची. ज्याला संवय जडली त्याच्या शरीराला दिवसाकाठीं त्याची ठरीव मात्रा लागते, आणि कोणत्याहि कारणानें ती कमी पडूं लागली कीं झुरके आपोआप मोठे व दाट होऊं लागतात. निकोटिन माणसाला ओढावयास लावतें, पण जीव घेतात तीं मुख्यत्वें धुरांतील डांबर व विषारी वायु, ही गोष्ट इंग्लंडांतील मानसरोगतज्ज्ञ मायकेल रसेल ह्यांनीं १९७६ सालीं स्पष्टपणें मांडली. पोटाची भूक भागविण्यासाठीं कोंडा-मातीसकट धान्य खावें तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं येथें भूकहि त्या धान्यानेंच लावलेली असते.

१९८६ सालीं अमेरिकेंत बेनोविट्झ व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसाला सरासरी ३७ सिगारेटी ओढणाऱ्या कांहीं माणसांना क्रमाक्रमानें पांचांवर आणलें. आमच्या सातवीच्या त्रैराशिकाप्रमाणें विष सातव्या हिश्श्याच्या आसपास यावयास हवें होतें. प्रत्यक्षांत प्रत्येक सिगारेटीमागें शरीरांत जाणारें विष सुमारें तिप्पट झालें, आणि दिवसभराचें डांबर व कार्बन मोनॉक्साइड हीं जेमतेम निम्म्यानें उतरलीं. त्या माणसांनीं लबाडी केली नव्हती. त्यांनीं पांचच ओढल्या. परंतु पांचांतून जितकें पिळून घेतां येईल तितकें घेतलें.

आतां 'हलक्या' सिगारेटींची कथा ऐका. पाकिटावर डांबर इतकें मिलिग्रॅम, निकोटिन इतकें, असे आंकडे पुष्कळ वर्षें छापले जात. ते कोठून येत? यंत्रापासून. अमेरिकन सरकारनें १९६७ सालीं ठरविलेल्या पद्धतींत यंत्र मिनिटाला एक झुरका घेई, दोन सेकंदांचा व ३५ मिलिलिटरचा. यंत्राला तलफ नसते, चिंता नसते, साहेबाची बोलणी खावीं लागत नाहींत; तें बिचारें सांगितलें तेवढेंच ओढतें. कारखानदारांनीं मग फिल्टरवरील कागदास बारीक छिद्रें पाडलीं. छिद्रांतून हवा आंत शिरे, धूर पातळ होई आणि यंत्राचा आंकडा खालीं येई. माणूस मात्र तीच सिगारेट बोटांत व ओठांत धरतो, तेव्हां तीं छिद्रें कित्येकदां झांकलीं जातात. आणि नाहीं झांकलीं तरी पातळ धुराची भरपाई तो मोठ्या झुरक्यानें करतो. फुप्फुसास होणारा एका जातीचा कर्करोग वाढला, आणि ह्या वाढीचें कारण १९५० नंतर सिगारेटींच्या घडणींत झालेले फेरफार होत, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालांत आहे. ज्यांनीं प्रकृतीच्या काळजीनें हलकी सिगारेट घेतली त्यांच्या पदरीं हें आलें! १९६७ ची ती पद्धति त्या सरकारनें २००८ सालीं सोडून दिली, आणि 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द पाकिटावर छापण्यास तेथें २०१० पासून बंदी आहे. कारखानदारांना ही भरपाईची गोष्ट ठाऊक होती, असें तेथील न्यायाधीश ग्लॅडिस केसलर ह्यांनीं २००६ च्या निकालपत्रांत लिहून ठेविलें आहे. आमच्याकडे मात्र पानाच्या ठेल्यावर "जरा हलकी द्या" हे शब्द अजून माझ्या कानीं येतात.

कोणी म्हणेल, आम्ही सिगारेट ओढीतच नाहीं, आमची साधी विडी; पान आणि चिमूटभर तंबाखू, त्यांत काय आहे? ही समजूत आमच्या इकडे सिन्नर-सोलापूरपासून गोंदियापर्यंत पसरलेली आहे, आणि ती सिगारेटीच्या आंकड्यांहूनहि फसवी आहे. विडींत तंबाखू थोडी असते हें खरें. परंतु तेंदूचें पान कागदासारखें सहज जळत नाहीं. झुरका थांबला कीं विडी विझूं लागते. ती जिवंत ठेवण्यासाठीं वरचेवर व जोरानें ओढावें लागतें. पानांतून हवाहि फारशी आंत येत नाहीं. म्हणून त्या चिमूटभर तंबाखूंतून निघणारें डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड हीं सिगारेटीहून कमी तर नाहींतच, बहुधा अधिक भरतात. हा वायु रक्तांतील हिमोग्लोबिनास प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जिना चढतांना विडीवाल्यास धाप लागते ती केवळ वयामुळें नव्हे.

ओढण्याच्या तऱ्हेवर किती अवलंबून असतें ह्याचें टोंकाचें उदाहरण आंध्रच्या किनाऱ्यावर सांपडतें. तेथील कित्येक स्त्रिया चुट्ट्याचें पेटलेलें टोंक तोंडाच्या आंत धरून ओढतात. गोव्यांतहि धुमटी नांवाचा चिरूट असा उलटा ओढण्याची चाल नोंदलेली आहे. टाळूचा कर्करोग इतरत्र विरळा, परंतु उलटा चुट्टा ओढणाऱ्यांत तो वारंवार आढळतो. जाळलें काय ह्याबरोबरच तें कसें ओढलें हें येथें रोगाची जागासुद्धां ठरवितें.

घड्याळाचाहि संबंध आहे. दिवसाला सारख्याच सिगारेटी ओढणाऱ्या दोघांपैकीं जो डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आंत पहिली पेटवितो, त्याच्या शरीरांत निकोटिनाचे व कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांचे अवशेष अधिक सांपडतात. पालकांनीं स्वतःची संवय किती खोल गेली आहे हें पाहावयाचें असेल तर थोटकें मोजण्यापेक्षां सकाळची वेळ पाहावी.

मग कमी करण्यांत कांहींच अर्थ नाहीं काय? असें मी म्हणणार नाहीं. विसांवरून दहांवर येणाऱ्या माणसानें मनाशीं झगडा केलेला असतो, आणि त्या झगड्याची थट्टा करणें मला शोभणार नाहीं. पण दहा हा मुक्काम समजूं नये. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनांत असें दिसून आलें कीं दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाहि वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा हृदयविकाराचा जादा धोका असतो. उलट, प्रभात झा व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं चाळिशीच्या आंत जो पूर्णपणें सोडतो त्याचा ह्या व्यसनामुळें होणाऱ्या अकालमृत्यूचा जादा धोका सुमारें ९० टक्क्यांनीं टळतो. आमच्या सातवीच्या मुलांच्या वडिलांपैकीं पुष्कळजण अजून ह्या रेषेच्या अलीकडेच असतील.

आमच्या आरोग्याच्या पुस्तकांवर माझा आक्षेप आहे तो येथेंच. 'धूम्रपान वाईट आहे' ह्या एका वाक्यावर तीं थांबतात. मुलाला तें वाक्य पाठ असतें व बापालाहि. म्हणूनच बाप हलकी घेतो, अर्धी टाकतो, दहांवर येतो आणि आपण पुस्तकाचें ऐकलें असें समाधान मानतो. धूर अंगांत कसा जातो हें कोणी त्याला सांगितलेंच नाहीं.

त्या विद्यार्थ्याला मीं सांगितलें कीं तुझें त्रैराशिक बरोबर आहे, पण उदाहरण त्रैराशिकाचें नाहीं. संमेलनाच्या दिवशीं तो वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मीं त्यांना ३७ आणि ५ ची ती हकीकत सांगितली. गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं खिशांतून पाकीट काढलें, भयंकर चित्राखालीं छापलेला साहाय्याचा दूरध्वनि-क्रमांक, १८००-११-२३५६, चष्मा वर करून मोठ्यानें वाचला, आणि मुलाला तो वहींत उतरून घ्यावयास सांगितलें.