बयाना कुणाचा, सिनेमा कुणाचा?



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत 'बयाना' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्याचा माणूस येतो, काही हजार रुपये हातावर टेकवतो आणि त्या दिवसापासून पावसाळ्यापर्यंत घरातली सगळी माणसे त्याची. भिवंडी, वसई, वाडा, तो नेईल तिकडे. विटा पाडतात ही माणसे, हिशेब राहतो बयाना देणाऱ्याच्या वहीत. सिनेमाचा धंदाही याच वहीवर चालतो. आणि आपल्या चळवळीतली पोरे ही वही न वाचताच सिनेमात उतरायला निघाली आहेत.

'फँड्री'नंतर ज्याला त्याला दिग्दर्शक व्हायचे आहे. चांगली गोष्ट आहे. पण "मला निर्माता व्हायचंय" असे म्हणणारा एकही पोरगा मला अजून शिबिरात भेटलेला नाही. निर्माता म्हणजे सोन्याची चेन घातलेला शेठ, एवढेच चित्र आपल्या डोक्यात. कायदा काय म्हणतो ते पाहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरले आहे, दिग्दर्शकाला नाही. 2012 च्या दुरुस्तीने लेखक, गीतकार, संगीतकार यांना स्वामित्वधनात वाटा मिळाला. दिग्दर्शक होता तिथेच राहिला. म्हणजे आपल्या आयाबायांचे दुःख पडद्यावर मांडणारा आपला असला, तरी त्या दुःखाची मालकी बयाना देणाऱ्याकडे.

नागराज मंजुळे यांच्याबद्दल आपण भरभरून लिहितो, पण त्यांच्या वाटचालीचा हा भाग वगळून. 'पिस्तुल्या' या लघुपटाने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. पूर्ण लांबीचा सिनेमा करायला मात्र निर्माता लागला. 'शाळा' करणारे नीलेश नवलाखा आणि विवेक काजरिया 'फँड्री'च्या मागे उभे राहिले, म्हणून जब्याचा दगड 2014 साली आपल्या अंगावर आला. या दोघांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. स्वतंत्र निर्माता म्हणतात तो हाच, बाजाराने नाही म्हटलेल्या गोष्टीवर पैसे लावणारा. पण असा माणूस भेटणे हा योगायोग. योगायोगावर चळवळ उभी राहत नाही.

2016 ला 'सैराट' आला. नागराज यांची 'आटपाट' निर्मितीत होती, मोठे बळ झीचे होते. कमाईचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला, धर्मा आणि झी यांचा. कथा तीच, काही गाण्यांच्या चालीही त्याच, आणि जात गायब! ज्या एका गोष्टीसाठी आर्ची-परशा मेले, तीच गोष्ट उदयपूरच्या हवेल्यांत विरघळून गेली. आपण फेसबुकवर चार दिवस संताप केला. संताप रास्त होता, पण पत्ता चुकला. प्रश्न करण जोहरच्या संवेदनशीलतेचा नव्हताच. हक्क कुणाच्या कपाटात आहेत, हा होता.

त्याच 2018 मध्ये तिकडे तमिळनाडूत काय घडले? पा. रणजित यांनी रजनीकांतला घेऊन 'कबाली' आणि 'काला' केले होते. 'काला' तर आपल्या धारावीचा. एवढ्या नावावर माणूस आणखी चार सुपरस्टारांचे सिनेमे करत बसला असता. त्यांनी 'नीलम प्रॉडक्शन्स'मधून मारी सेल्वराज या नवख्या दिग्दर्शकाचा 'परियेरुम पेरुमाल' काढला. कायदा शिकायला निघालेल्या दलित पोराची गोष्ट. मारी आज स्वतःच्या पायावर उभा आहे, 'कर्णन', 'मामन्नन', 'वाळै'. नीलमने पुढेही नवे दिग्दर्शक आणले. सोबत चेन्नईत सहायक दिग्दर्शकांसाठी 'कूगै' नावाचे वाचनालय, कास्टलेस कलेक्टिव्ह हा गाणाऱ्यांचा संच, प्रकाशन, पुस्तकांचे दुकान. आपल्या सोमनाथ वाघमारे यांच्या 'चैत्यभूमी' माहितीपटामागे उभे राहायलाही तेच आले. चैत्यभूमी दादरला, पाठबळ चेन्नईचे! मराठी आंबेडकरी समाजात डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, बिल्डरसुद्धा आहेत. मग ही वेळ का यावी?

मार्गदर्शक म्हणतात तो असा. आपल्याकडे मार्गदर्शक म्हणजे स्टेजवर शाल घेऊन "स्वप्नं मोठी पाहा" सांगणारा. रणजित यांनी स्वप्नाचे बजेट काढले. नागराज यांनीही 'सैराट'चा कॅमेरा सांभाळणाऱ्या सुधाकर रेड्डी यांना 'नाळ'चे दिग्दर्शन दिले, निर्माते स्वतः झाले, आणि त्या पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नीरज घायवान यांनी दलित-बहुजन सहायक हवेत अशी जाहीर हाक दिली, तर 'गुणवत्ता'वाल्यांना लगेच पोटशूळ उठला. काका-मामाच्या ओळखीने सेटवर चढलेल्यांची गुणवत्ता कुणी कधी तपासली होती?

बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला तो शाहू महाराजांच्या 2500 रुपयांच्या मदतीवर. पण ते मदतीवर थांबले नाहीत. पुढे स्वतःचा छापखाना उभारला. लेखणी आपली आणि छापखाना दुसऱ्याचा, यात काय धोका असतो ते त्यांना कळत होते. आज कॅमेरा मोबाइलमध्ये आला म्हणून आपण खूश आहोत. मोबाइल ही लेखणी झाली. छापखाना कुठे आहे?

"जिद्द असेल तर पैसा उभा राहतो" असे सांगणाऱ्यांसाठी थोडा भूगोल. मोखाड्याहून घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर, दादासाहेब फाळक्यांचे जन्मगाव. फाळके 1912 साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले, त्यातून 'राजा हरिश्चंद्र' झाला. अलीकडे भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी शेतजमीन विकली. दोघांना सलाम. पण त्यांच्याकडे गहाण टाकायला, विकायला काही होते. मोखाड्याच्या पोराकडे आहे वनपट्टा. तो 2006 च्या कायद्याने वारसाला मिळतो, विकता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीनही सरकारी परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे संरक्षण हवेच, त्याला हात लावू पाहणाऱ्याशी आपण लढू. मात्र मग त्या पोराला "घरदार विकून सिनेमा कर"च्या रोमँटिक गोष्टी सांगू नका. राहिले सरकारी अनुदान. तेही सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर. आधी ज्याच्याकडे पैसे त्यालाच नंतर पैसे!

दरम्यान कॅमेरे येत राहतात. जयविलास राजवाडा लोकेशन म्हणून, दाभोसा धबधबा गाण्यासाठी, तारपा नाच पार्श्वभूमीला. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992-93 मध्ये देश हादरला, तेव्हापासून कुपोषणाची डॉक्युमेंटरी हाही एक हंगाम झाला आहे. हाडे दिसणारे मूल, चुलीचा धूर, मागे बासरी. ते मूल मोठे होऊन काय म्हणते, ते चित्रित करायला कुणी परत येत नाही.

आणि आता आपण. आंबेडकरी तरुण वारली, कातकरी, कोळी मल्हार यांच्यावर 'फिल्म बनवायला' जव्हारला येऊ लागलेत. प्रस्थापितांनी आपल्याशी जे केले तेच आपण पाड्यावर करणार असू, तर निळा झेंडा लावल्याने ते वेगळे ठरत नाही. तारपा वाजवणाऱ्या बाबांना शंभराची नोट, वडापाव आणि क्रेडिटमध्ये "स्थानिक कलाकार"? त्यांना नाव आहे. वाळवंड्याच्या भिकल्या धिंडा यांना अख्खा तालुका नावाने ओळखतो.

डावे मित्र म्हणतील, निर्माता तयार करणे म्हणजे छोटा भांडवलदार तयार करणे. असेल. पण भांडवल एकाच खिशातून यावे लागते असे कुठे लिहिले आहे? शेजारच्या गुजरातेत 1976 साली पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि श्याम बेनेगल यांचा 'मंथन' झाला. दहा लाख रुपये, निर्माते पाच लाख. बोहाड्याला वर्गणी काढणाऱ्या गावाला ही कल्पना परकी वाटणार नाही. 14 एप्रिलच्या डीजेवर एकेका वस्तीत किती जातात, तो आकडा तुम्हालाच माहीत आहे.

म्हणून पुढच्या शिबिरात अभिनयाचे सत्र कमी करा. एक दिवस सिनेमाच्या करारनाम्याला द्या, एक दिवस बजेटला, आणि वितरक हिशेब कसा देतो ते सांगणारा माणूस बोलवा. जव्हार-मोखाड्यातून दोन पोरे, दोन पोरी निवडा. त्यांना सेटवर स्पॉटबॉय म्हणून धाडू नका, निर्मिती व्यवस्थापकाच्या हाताखाली बसवा, वर्षभर पगारावर. तो पगार कोण देणार ते नावानिशी ठरवून मगच शिबिराची तारीख जाहीर करा.