हुकूमशहाचा दबदबा आणि विदूषक

यंदाच्या दीपावली अंकाचा मोठा भाग आम्ही विनोदास वाहिला आहे, आणि विनोद म्हणजे घटकाभरचा विरंगुळा अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यापुढे पहिला दाखला म्हणून चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' ठेवीत आहोत. १९३९ च्या सप्टेंबरात, युरोपात महायुद्धास तोंड फुटले त्याच महिन्यात, चित्रीकरण सुरू झाले. अमेरिका तटस्थ होती, हॉलिवुडातील बहुतेक धनिक हिटलरला दुखविण्यास कचरत होते, आणि अशा वेळी त्याच्याहून अवघ्या चार दिवसांनी वडील असलेल्या या नटाने पदरचे द्रव्य खर्चून, त्याच्याच मिशीचे सोंग घेऊन, त्यास भर पडद्यावर उभे केले.

चित्रपटातील हिटलररूपी हुकूमशहा हायनकेल पृथ्वीचा गोल झेलीत नाचतो तो प्रवेश सर्वविश्रुत आहे. आम्हांस त्याहून मार्मिक वाटतो तो हजामतीच्या खुर्च्यांचा. शेजारच्या मुलखाचा सत्ताधीश नापालोनी पाहुणा म्हणून आला आहे, दोघे शेजारी शेजारी बसले आहेत, आणि आपले आसन दुसऱ्याच्या आसनाहून खाली राहू नये एवढ्यासाठी ज्यांच्या एका फर्मानाने लक्षावधी माणसे देशोधडीस लागावयाची ते दोघेही खुर्चीचा दांडा ओढीत छताकडे चढत जातात. हुकूमशाहीचा निम्मा अंमल बंदुकीवर आणि निम्मा दबदब्यावर चालतो. तो दबदबा या दोन खुर्च्यांनी जितका उतरविला तितका कित्येक जाहीरनाम्यांना उतरविता आला नसेल.

अखेरीस हायनकेल समजून व्यासपीठावर चढविलेला गरीब ज्यू नाभिक माणुसकीचे आवाहन करतो, तेव्हा विनोद संपून प्रवचन सुरू होते, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला. आक्षेप रचनेच्या दृष्टीने खरा आहे; परंतु जन्मभर मूकपटाशी इमान राखलेल्या माणसास त्या घडीस बोलावेसे वाटले, यातच त्याची थोरवी आहे.

छळछावण्यांतील भीषण सत्य ठाऊक असते तर आपण हा चित्रपट काढूच शकलो नसतो, असे चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तथापि १९४० च्या जूनमध्ये पॅरिस पडले आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला हा चित्रपट लागला. हिटलर अजिंक्य भासत असतानाच त्याला हसणारा कोणी निघाला, हे आम्ही मानवजातीवरील उपकार समजतो. वाचकांनी हा चित्रपट मिळेल तेथून मिळवून पाहावा, आणि घरातील मुलांनाही शेजारी बसवून दाखवावा.