चालण्याजोगं शहर नशिबाने मिळत नाही



युरोप फिरून आलेला आपला माणूस एक वाक्य हमखास बोलतो, "त्यांना जमतं बुवा, आपल्याकडे शक्य नाही." मग कारणं येतात: तिथे माणसं कमी, हवा थंड, लोकांना शिस्त. नुकताच बाबांना घेऊन चार दिवस कोपनहेगनला जाऊन आलो आणि हे वाक्य मला आता पटेनासं झालंय. का, ते सांगतो.

आधी शहराबद्दल. विमानतळावरून बिनचालकाची मेट्रो साधारण पंधरा मिनिटांत गावाच्या मध्यात आणून सोडते. तिथून पुढे चार दिवस टॅक्सी लागली नाही. १६४२ साली पुरा झालेला गोल मनोरा आहे. वर जायला गोल गोल चढण, शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत. तिथून रमतगमत बंदराकडे गेलं की १९९९ मध्ये बांधलेली राष्ट्रीय ग्रंथालयाची काळी चकचकीत इमारत दिसते. १९०६ ची जुनी विटांची इमारत तिच्या मागेच उभी आहे आणि दोन्ही रस्त्यावरून जाणाऱ्या पुलांनी जोडल्या आहेत. जुनं पाडलं नाही आणि नवं लपवलंही नाही. न्यूहाउनच्या टोकाला २०१६ साली खाडीवर पूल झाला, तो फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी.

बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात. दगडी फरसबंदीचा त्यांना त्रास झाला, पण थोड्या थोड्या अंतरावर बसायला बाक होतं. रोज चार-पाच किलोमीटर चालले. पुण्यात हेच बाबा कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा रिक्षाने जातात. गुडघे दोन्हीकडे तेच!

आता मुद्द्याचं. आपल्याला वाटतं, हे शहर पूर्वीपासूनच असं असणार. अजिबात नाही. तिथला आजचा प्रसिद्ध बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, १९६२ पर्यंत मोटारींनी गच्च भरलेला असायचा. १७ नोव्हेंबर १९६२ ला तो प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला. दुकानदारांनी विरोध केला, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. आपण काही इटालियन नाही, या हवेत रस्त्यावर कोण फिरणार, असंही लोक म्हणत होते. म्हणजे "आपल्याकडे शक्य नाही" हे वाक्य त्यांनीही बोलून झालंय! धंदा बुडाला नाही. १९६४ मध्ये बंदी कायम झाली. न्यूहाउनचा तो रंगीत घरांचा धक्का, ज्याचे फोटो आपण सगळे काढतो, तिथे १९८० पर्यंत गाड्या लागायच्या.

यान गेल नावाच्या वास्तुविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यावरची माणसं मोजली: किती चालतात, किती थांबतात, किती बसतात. एरवी शहरं फक्त गाड्या मोजतात. आपण इंजिनिअर मंडळी, आपल्याला हे लगेच कळायला हवं. जे मोजलंच नाही, त्यासाठी डिझाइन कोण करणार?

बरं, अरुंद गल्ल्या ही अडचण म्हणावी तर चालायला त्याच बऱ्या. सावली असते, दुकानं हाताशी असतात, अंतरं कमी. कसबा पेठ, मंडई, लक्ष्मी रोड हे सगळं चालणाऱ्या माणसासाठीच वसलेलं आहे. २०२४ पासून खालून मेट्रोही धावते. लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन झाला, त्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद होता, पुढच्या वर्षांतही तो साजरा झाला. चांगलंच आहे. पण कोपनहेगनचा प्रयोग वर्षभराहून जास्त काळ सलग चालला, म्हणून दुकानदारांना गल्ल्यातला आकडा बघता आला. एका दिवसात जत्रा होते, हिशोब होत नाही.

फरक आहेत, मान्य. आपल्याकडे दुचाकी, फेरीवाले, पेठेत राहणारी माणसं, दुकानांचा माल. पण माल त्यांच्याकडेही येतो, सकाळी ठरावीक वेळेत गाड्या उतरवून जातात. वेळा ठरवणं हे काही रॉकेट सायन्स नव्हे.

हे सगळं इथे परदेशात बसून का लिहितोय? कारण आपले आई-वडील तिथे एकटे राहतात आणि आपल्यातले बरेच जण त्यांच्यासाठी, किंवा परत गेल्यावर स्वतःसाठी, फ्लॅट बुक करतात. स्विमिंग पूल बघतात, जिम बघतात, दोन पार्किंग मिळतात का ते विचारतात. गेटच्या बाहेर फूटपाथ आहे का, हे कोणी विचारत नाही. मग सत्तरीतला माणूस पंधराव्या मजल्यावर अडकतो आणि भाजी आणायलासुद्धा ड्रायव्हर लागतो.

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी साइट बघायला जाल तेव्हा आईला किंवा वडिलांना बरोबर न्या. गेटपासून वाणी, औषधाचं दुकान आणि बसस्टॉपपर्यंत चालत जाऊन या. जमलं नाही तर बिल्डरला तसं स्पष्ट सांगा आणि बुकिंग करू नका. पैसे देणारा गिऱ्हाईक फूटपाथ मागायला लागला की बिल्डरही महापालिकेच्या मागे लागेल.

तुमच्या गावचे अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहा. चूभूद्याघ्या.